कन्व्हेयर लाइनवरची न्यूमॅटिक पॅलेट लिफ्ट: बसवणी आणि देखभालीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड अशा औद्योगिक वसाहतींमध्ये जिथे असेंब्ली लाइन आहे, तिथे पॅलेट उचलणारं हवेवरचं युनिट बहुधा असतंच. खालचे प्रश्न लाइन बसवणारे कंत्राटदार, मेंटेनन्सचे इंजिनिअर आणि शिफ्टवरचे फिटर नेहमी विचारतात. उत्तरं वाचताना एक गोष्ट सतत डोक्यात ठेवा: तेल दबत नाही, हवा दबते. या लिफ्टचे निम्मे गुण आणि जवळजवळ सगळे दोष त्यातूनच येतात.

पॅलेट लिफ्ट नेमकं काय काम करते?

कन्व्हेयरवरून आलेलं पॅलेट स्टॉपर अडवतो. मग खालून लिफ्टचं टेबल वर येतं आणि पॅलेट बेल्ट, चेन किंवा रोलरपासून सुटं करून उचलतं. काही लिफ्ट फक्त उचलून आडव्या लाइनवर ढकलतात, काही उचलून फिरवतात. काही लिफ्टच्या डॉवेल पिना पॅलेटच्या बुशमध्ये (भोकात बसवलेल्या धातूच्या नळीत) शिरतात आणि पॅलेट जागेवर पक्कं करतात, म्हणजे रोबोट किंवा नटरनरला (नट आवळणाऱ्या यंत्राला) दरवेळी तीच जागा मिळते. पुढची बहुतेक उत्तरं या तिसऱ्या प्रकाराला धरून आहेत, कारण त्रास त्यातच जास्त होतो.

सिलिंडर किती बोअरचा (आतल्या व्यासाचा) घ्यावा?

उदाहरण घेऊ. पॅलेट ४० किलो, त्यावरचं फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारी चौकट) आणि जॉब (ज्यावर काम चालतं तो भाग) मिळून ६० किलो, लिफ्टचं स्वतःचं टेबल २५ किलो. एकूण १२५ किलो, म्हणजे साधारण १,२२५ न्यूटन. हे टेबल विसरायचं नाही. बऱ्याच हिशेबांत ते धरलेलंच नसतं.

आता रेग्युलेटर, म्हणजे हवेचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह, ५ बारवर आहे असं धरा. ६३ मिमी बोअरचा सिलिंडर या दाबाला सुमारे १,५६० न्यूटन जोर देतो. कागदावर हा पुरतो. पण यात सिलिंडरच्या ताकदीचा जवळजवळ ८० टक्के हिस्सा नुसतं वजन पेलण्यात जातो. उरलेल्या २० टक्क्यांत घर्षण, वेग आणि हवेच्या दाबातली चढउतार भागवायची. अशी लिफ्ट अडखळत चढते, आणि शेजारच्या स्टेशनने हवा ओढली की मध्येच थबकते.

उभ्या उचलीसाठी वजन हे सिलिंडरच्या सैद्धांतिक जोराच्या निम्म्यापर्यंतच ठेवावं. वरच्या उदाहरणात २,४५० न्यूटन लागतात. ८० मिमी बोअर ५ बारला सुमारे २,५१० न्यूटन देतो, म्हणून ८० मिमीच घ्या. दोन बोअरच्या किमतीत फार फरक नसतो. लाइन थांबण्याची किंमत त्याच्या कितीतरी पट असते.

लिफ्ट अडखळत असेल तर रेग्युलेटर ६–७ बारवर नेला तर चालेल का?

आजचा दिवस निघेल. पण अडखळण्याचं कारण घासणारा गाइड (टेबल सरळ रेषेत चालवणारा भाग) असेल, तर जास्त दाबाने तो लवकर खराब होईल आणि लिफ्ट वरच्या टोकाला आपटू लागेल. आधी कारण शोधा. रेग्युलेटरची मूठ लॉक करून ठेवा आणि ठरलेला दाब गेजच्या काचेवर हिरव्या पट्टीने दाखवा.

मोठ्या पॅलेटसाठी दोन सिलिंडर लावले. एक आधी चढतो, एक मागून. काय करावं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे. दोन फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह (हवेचा प्रवाह आवळून वेग ठरवणारे) जुळवत बसून तो सुटत नाही. सकाळी जुळवलेलं दुपारी बिघडतं. जॉब पॅलेटवर जरा एका बाजूला असला, एका सिलिंडरचं सील नवं आणि दुसऱ्याचं जुनं असलं, एक नळी अर्धा मीटर लांब असली, की दोन्ही बाजूंचा वेग बदलतो. हवा दबते, त्यामुळे ज्या बाजूला भार जास्त ती बाजू मागे राहणारच. टेबल तिरकं झालं की गाइड बुश अडकतात, आणि अडकलेल्या जागी दाब साठून टेबल एकदम उसळतं.

दोन्ही बाजू यांत्रिकपणे जोडा. दोन्हीकडे रॅक आणि पिनियन लावून पिनियन एकाच शाफ्टवर बसवा, किंवा टॉर्शन शाफ्टने दोन्ही लिव्हर एकत्र बांधा. मग हवा फक्त जोर देते आणि समतल राखण्याचं काम शाफ्ट करतो. जागा असेल तर मध्ये एकच मोठा सिलिंडर आणि चार कोपऱ्यांना गाइड रॉड ही रचना त्याहून बरी. शाफ्टचा खर्च वाचवून पुढे वर्षानुवर्षं फ्लो कंट्रोल फिरवत बसणं, याला मी बचत म्हणणार नाही.

कोणत्याही रचनेत सिलिंडरचा रॉड टेबलाला थेट घट्ट बोल्ट करू नका. मध्ये फ्लोटिंग जॉइंट (किंचित हलू देणारा सांधा) घाला. टेबल सरळ रेषेत ठेवणं गाइडचं काम आहे. आडवा भार सिलिंडरवर आला तर रॉडचं सील आणि पुढची बुश एका बाजूने झिजते, आणि मग लोक म्हणतात की सिलिंडर हलक्या प्रतीचा होता.

बसवताना सुरुवात कुठून करायची?

कन्व्हेयरपासून, लिफ्टपासून नाही. आधी कन्व्हेयरची लेव्हल दोन्ही दिशांना तपासून पक्की करा, पाय अँकर करा. मग स्टॉपरची जागा ठरवा, कारण पॅलेट कुठे थांबतं त्यावर पिना कुठे येणार ते ठरतं. लिफ्ट सगळ्यात शेवटी येते.

लिफ्ट खाली असताना टेबलाचा आणि पिनांचा माथा पॅलेटच्या तळाच्या पुरेसा खाली असला पाहिजे. काही मिलिमीटरचं अंतर ठेवा, आणि ते भरलेलं पॅलेट वरून जात असताना मोजा. भाराने बेल्ट दबतो आणि रिकाम्या लाइनवरचं माप फसवं ठरतं.

पिना जुळवताना हवा वापरू नका. टेबल हाताने किंवा जॅकने हळूहळू वर आणा आणि पिन बुशमध्ये कशी शिरते ते टॉर्च लावून पाहा. पिनेच्या निमुळत्या टोकाने पॅलेटला किंचित सरकवून जागेवर आणलं पाहिजे. तो उतार संपल्यावरही पिन बुशच्या कडेला घासत असेल तर लिफ्टच्या पायाखाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून किंवा ती सरकवून जुळवा. एक पिन गोल आणि समोरची चपटी, म्हणजे दोन बाजूंनी घासलेली, असावी. दोन्ही गोल पिना लावल्या तर पॅलेटच्या दोन बुशांमधल्या अंतरात थोडा फरक पडला तरी पॅलेट अडकतं. लाइनवरची पॅलेटं एकसारखी दिसली तरी मापाला एकसारखी नसतात, म्हणून जुळवणी एकाच पॅलेटवर करून थांबू नका. सगळी पॅलेटं एकदा फिरवा आणि जी अडतात त्यांच्यावर नंबर टाका.

सगळं जुळलं की बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळा आणि डोक्यावरून टेबलापर्यंत पेंटची रेघ ओढा. पुढे रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय हे लांबूनच कळतं.

हवेची लाइन कशी घ्यावी?

मुख्य पाइपातून फाटा काढताना तो वरच्या अंगाने काढा आणि मग वळवून खाली आणा. खालच्या अंगाने काढलात तर पाइपातलं सगळं पाणी तुमच्याच लिफ्टला येईल. मुख्य पाइपाला १०० ला १ असा उतार ठेवा आणि शेवटी ड्रेन द्या. लिफ्टला जोडण्याआधी पाइप उघडा ठेवून हवा जोरात सोडा. आतला गंज, कटिंगचे कण, वेल्डिंगची खपली सगळं बाहेर पडू दे.

पीयू (पॉलियुरेथेन) नळी नळी-कटरनेच कापा. ब्लेडने तिरकी कापलेली नळी फिटिंगच्या आतल्या ओ-रिंगला नीट टेकत नाही आणि तिथून बारीक गळती सुरू होते. टेफ्लॉन टेप लावताना पहिला आटा मोकळा सोडा. टेपचा तुटलेला तुकडा व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये (आतल्या सरकत्या भागात) अडकला की दोष इलेक्ट्रिकलचा समजून अख्खी शिफ्ट शोधाशोधीत जाते.

व्हॉल्व्ह सिलिंडरच्या जवळ ठेवा. नळी जितकी लांब, तितकी हवा दरवेळी नुसती नळी भरण्यात जाते आणि लिफ्टचा प्रतिसाद मंदावतो. एकाच वेळी बऱ्याच लिफ्ट उचलत असतील आणि दाब पडत असेल, तर स्टेशनपाशी एक छोटी हवेची टाकी आणि तिच्याआधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा. कंप्रेसर मोठा घेण्याआधी हे करून पाहावं.

पावसाळ्यातच लिफ्टचे बिघाड का वाढतात?

पाण्यामुळे. ३० अंश तापमानाला आणि ८० टक्के आर्द्रतेला एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. मिनिटाला ३ घनमीटर हवा ओढणारा, म्हणजे सुमारे १०० सीएफएमचा (मिनिटाला घनफूट) कंप्रेसर तासाला चार लिटरांहून जास्त पाणी आत घेतो. ७ बारला दाबून ४० अंशांपर्यंत थंड झालेल्या हवेत त्यातलं एक लिटरभर पाणीच वाफ म्हणून राहू शकतं. बाकीचं पाणी होऊन खाली बसतं. आठ तासांच्या शिफ्टमध्ये हे वीस-पंचवीस लिटर होतं.

आफ्टरकूलर, टाकीचा ड्रेन आणि रेफ्रिजरेटेड ड्रायर यांनी हे पाणी काढलंच पाहिजे. जून लागण्याआधी प्रत्येक ऑटो ड्रेन हाताने चालवून पाहा. ड्रेन चोंदलेला असेल तर टाकी पाण्याने भरत जाते आणि एक दिवस ते पाणी थेट लाइनवर येतं. सिलिंडरमधलं ग्रीस धुऊन जातं, सील कोरडं घासतं, आणि त्याचा परिणाम दिवाळीच्या सुमाराला गळतीच्या रूपाने दिसतो. तेव्हा पावसाळ्याची आठवण कोणाला होत नाही.

एफआरएलमध्ये (फिल्टर, रेग्युलेटर आणि ल्युब्रिकेटरच्या संचात) ल्युब्रिकेटर, म्हणजे हवेत तेल सोडणारा भाग, हवाच का?

हल्लीचे बहुतेक सिलिंडर आणि व्हॉल्व्ह कारखान्यातूनच ग्रीस भरून येतात आणि तेलाशिवाय चालतात. अशांना ल्युब्रिकेटर लावू नका. मात्र जिथे तेल आधीपासून चालू आहे तिथे मध्येच बंद करू नका. तेलाने मूळचं ग्रीस धुतलेलं असतं, त्यामुळे तेल थांबलं की सील कोरडं पडतं. तेल घालायचंच तर आयएसओ व्हीजी ३२ ग्रेडचं टर्बाइन तेल घ्या. हाताशी आहे म्हणून मशीनचं दुसरं तेल ओतू नका, सील फुगतं.

सकाळी हवा चालू केली की पहिल्या फेरीत लिफ्ट उसळते. नंतर दिवसभर ठीक चालते. असं का?

लिफ्टचा वेग आपण बाहेर पडणारी हवा आवळून ठरवतो. सिलिंडरच्या पलीकडच्या बाजूला हवा असते, ती हळू बाहेर पडते, म्हणून लिफ्ट हळू सरकते. रात्री सगळी हवा उतरली की पलीकडची बाजू रिकामी असते. आवळायला हवाच नसते, त्यामुळे पिस्टन मोकाट सुटतो.

यावर सॉफ्ट स्टार्ट व्हॉल्व्ह हा खरा उपाय आहे. तो सुरुवातीला हवा सावकाश भरतो आणि दाब निम्म्यापर्यंत आला की पूर्ण उघडतो. नव्या लाइनवर तो लावलेलाच असावा. जुन्या लाइनवर नसेल तर बसवून घ्या, आणि तोपर्यंत सकाळी हवा चालू करताना लिफ्टजवळ कोणालाही उभं राहू देऊ नका.

खाली येताना लिफ्ट जोरात आपटते. कुशन (टोकाशी धक्का कमी करणारी सिलिंडरमधली सोय) स्क्रू आवळला तरी फरक नाही.

वरच्या उदाहरणातली ८० मिमीची लिफ्ट घ्या. रॉड २५ मिमी. खाली येताना रॉडच्या बाजूने ५ बारची हवा दिली तर ती सुमारे २,२७० न्यूटन जोराने खाली ढकलते. त्यात १२५ किलो वजनाचे १,२२५ न्यूटन मिळवा. एकूण जवळजवळ ३,५०० न्यूटन खाली जोर, म्हणजे साडेतीनशे किलोंच्या वर. छोट्या कुशनने एवढं पेलणं कठीणच. शिवाय खालची हवा फ्लो कंट्रोलने आवळलेली असल्याने तिथला दाब ७ बारच्या आसपास चढतो, रेग्युलेटर ५ दाखवत असला तरी.

वजन स्वतःहूनच खाली यायला तयार आहे. म्हणून खाली येण्याच्या बाजूला वेगळा रेग्युलेटर लावून दाब दीड-दोन बारवर आणा. आपटणं थांबतं, हवाही वाचते. त्यानंतरही आपट राहिली तर शॉक अॅबसॉर्बर लावा.

इमर्जन्सी स्टॉप दाबल्यावर लिफ्ट वर राहावी की खाली यावी?

स्टेशन पाहून ठरवा. लिफ्ट वर असताना रोबोटचा टूल जॉबमध्ये शिरलेला असेल, तर ती खाली आली की टूल आणि जॉब दोन्ही जातात. तिथे डबल सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावतात, वीज गेली तरी तो शेवटच्या जागेवर राहतो. मात्र हवाच गेली तर वजन खाली येणार, म्हणून सिलिंडरच्या पोर्टवर पायलट चेक व्हॉल्व्ह (सिलिंडरमधली हवा अडवून धरणारा) किंवा रॉड लॉक (रॉड जागीच पकडणारा) लागतो. जिथे हात जाण्याची शक्यता आहे तिथला निर्णय उत्पादन विभागाने एकट्याने घेऊ नये. आयएसओ ४४१४ हे न्यूमॅटिक यंत्रणेच्या सुरक्षेचं मानक आहे. त्यातली अपेक्षा अशी की वीज किंवा हवा गेल्यावर, आणि ती परत आल्यावरही, धोकादायक हालचाल होऊ नये. परत आल्यावरचा भाग बरेचजण विसरतात.

हवेचा कॉक बंद केला की लिफ्टखाली हात घालता येतो का?

नाही. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू दे.

कॉक बंद केल्यावर तीन गोष्टी शिल्लक असतात. पहिली, वर उचललेलं वजन. दुसरी, सिलिंडरमध्ये अडकलेली हवा. पायलट चेक व्हॉल्व्ह असेल तर पुढचा गेज शून्य दाखवतो, पण सिलिंडरमध्ये पूर्ण दाब असतो. नळी ओढली, फिटिंग सैल केलं की लिफ्ट क्षणात खाली. तिसरी, अडकलेलं पॅलेट. तिरकं होऊन अडकलेलं टेबल शांत दिसतं. पॅलेट हलवलं की त्याच्याखाली साठलेला दाब एकदम मोकळा होतो.

आधी लिफ्ट शक्यतो खाली आणा. ती वरच ठेवून काम करायचं असेल तर यांत्रिक आधार द्या: टेबलाखाली बसणारा स्टीलचा ठोकळा किंवा आरपार जाणारी सेफ्टी पिन. ही पिन साखळीने लिफ्टलाच बांधलेली असावी. स्टोअरमध्ये ठेवली तर घाईच्या वेळी ती आणायला कोणी जात नाही. मग हवा बंद करून कॉकला स्वतःचं कुलूप घाला. हा कॉक बंद केल्यावर पुढची हवा बाहेर सोडणारा असावा. चेक व्हॉल्व्हच्या जागी हाताने हवा सोडायचं बटण दाबा. कन्व्हेयरची वीजही तोडा, कारण मागचं पॅलेट येऊन धडकू शकतं. शेवटी बटण दाबून लिफ्ट खरंच हलत नाही ना ते पाहा, आणि मगच हात घाला.

"दोन मिनिटांचं काम आहे" असं सांगून कोणी हे टाळत असेल तर सुपरवायझरने लाइन थांबवावी. साडेतीनशे किलोंचा जोर बोटावर यायला दोन मिनिटं लागत नाहीत.

पीएलसीमध्ये (लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) कोणते इंटरलॉक, म्हणजे हालचाल अडवून धरणाऱ्या अटी, असावेत?

पॅलेट स्टॉपरवर आल्याचा सिग्नल मिळून ते स्थिर होईपर्यंत लिफ्ट वर जाऊ नये. लिफ्ट पूर्ण खाली आल्याचा सिग्नल मिळाल्याशिवाय स्टॉपरने पॅलेट सोडू नये, आणि मागच्या प्री-स्टॉपरनेही पुढचं पॅलेट सोडू नये. वर-खाली दोन्ही टोकांना सेन्सर हवेत. नुसत्या टायमरवर लिफ्ट चालवणं मला मान्य नाही, कारण हवा कमी असली तरी टायमर वेळेवरच संपतो. प्रत्येक हालचालीला कमाल वेळ ठरवून ती ओलांडली की अलार्म द्या. हवेच्या दाबाचा स्विचही पीएलसीला जोडा.

सिलिंडरवरचा रीड स्विच (पिस्टनची जागा ओळखणारा सेन्सर) कंपनाने सरकतो. जुळवल्यावर सिलिंडरच्या नळीवर त्याच्या जागेची खूण करा.

वर गेलेली लिफ्ट हळूहळू खाली बसते. सील बदलू का?

आधी तपासा. टेबल ठोकळ्यावर टेकवून घ्या. मग खालच्या बाजूला हवेचा दाब ठेवून रॉडच्या बाजूची नळी व्हॉल्व्हकडून काढा. तिच्यातून हवा सतत येत असेल तर पिस्टनचं सील गेलंय. येत नसेल आणि व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून मात्र फुसफुस चालू असेल तर दोष स्पूलचा. दोन्ही ठीक असतील तर नळ्या आणि फिटिंगना साबणाचं पाणी लावा. पाच मिनिटांच्या या तपासणीने सिलिंडर उगाच उतरवणं वाचतं.

मधल्या उंचीवर ५/३ व्हॉल्व्हने (पाच पोर्ट, तीन स्थितींच्या) थांबवलेली लिफ्ट मात्र थोडी बसणारच, विशेषतः त्या उंचीवर जॉब ठेवल्यावर. त्यात बिघाड काही नाही, आतली हवा दबतेय. अचूक जागा हवी असेल तर लिफ्ट पक्क्या थांब्यावर टेकवा.

लिफ्ट दिवसेंदिवस मंद होत चाललीय.

पहिल्यांदा सायलेन्सर पाहा. व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टवरचा हा लहानसा तुकडा तेल आणि धुळीने चोंदतो. क्षणभर काढून लिफ्ट चालवा, वेग परत आला तर नवा लावा. मग फिल्टरचं एलिमेंट पाहा. सिलिंडरची पाळी सगळ्यात शेवटी.

लिफ्टवर असताना पॅलेटवर प्रेसिंग करायचं आहे. चालेल?

हवेच्या जोरावर नाही. वरचा प्रेस ३,००० न्यूटन देत असेल आणि सिलिंडरकडे वजन पेलून जेमतेम १,३०० उरत असतील, तर पॅलेट खाली दबेल आणि जॉबमध्ये प्रेस होणारी बुश वाकडी बसेल. खाली वेज, टॉगल किंवा आत सरकणारा पक्का आधार द्या.

छोट्या गळतीने असा काय फरक पडतो?

६ बारला ३ मिमीच्या भोकातून सेकंदाला साधारण १० लिटर हवा जाते. ती तयार करायला कंप्रेसरची सुमारे ३ किलोवॅट वीज लागते. वर्षात ३०० दिवस, चोवीस तास धरलं तर २१,६०० युनिट. १ मिमीचं भोक याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकं खातं, पण अशी भोकं लाइनवर डझनांनी असतात. रविवारी लाइन बंद असताना हवा चालू ठेवून एक फेरी मारा. गळती कानाला ऐकू येते.

देखभालीचं वेळापत्रक कसं असावं?

रोज शिफ्टच्या सुरुवातीला गेजवरचा दाब, फिल्टरच्या बाउलमधलं पाणी आणि लिफ्टचा आवाज, एवढं ऑपरेटरनेच पाहावं. आवाज बदलला की काहीतरी बदललंय, आणि ते त्याच्या आधी कोणाच्या लक्षात येत नाही. आठवड्याला गाइड रॉड पुसा, बोल्टवरच्या रेघा पाहा, पिनांची टोकं तपासा. महिन्याला वर-खाली जाण्याचा वेळ मोजून लिहून ठेवा. सहा महिन्यांनी गाइड बुशचा प्ले (ढिलेपणा) डायल गेजने मोजा आणि पिनांची झीज मायक्रोमीटरने. हवेच्या टाकीची कायद्याने ठरलेली तपासणी सक्षम व्यक्तीकडून वेळच्या वेळी करून घ्या.

यातली महिन्याची नोंद सगळ्यात मोलाची. १.२ सेकंदांची लिफ्ट तीन महिन्यांत १.६ सेकंदांवर आली, तर ब्रेकडाउन व्हायच्या आधीच तुम्हाला कळलेलं असतं.

स्पेअरमध्ये काय ठेवावं?

प्रत्येक बोअरचा एक सील किट, एक व्हॉल्व्ह, दोन सेन्सर, सायलेन्सर, फिल्टर एलिमेंट, डॉवेल पिनांची एक जोडी आणि लाइनवर लागणाऱ्या मापांच्या फिटिंग. आयएसओ १५५५२ चा सिलिंडर घेतला असेल तर बसवण्याची मापं कंपनी बदलली तरी तीच राहतात, त्यामुळे अडचणीला दुसऱ्या कंपनीचाही चालतो. सील किट मात्र त्याच कंपनीचा लागतो. भट्टीजवळच्या स्टेशनला साधं नायट्राइल रबर ८० अंशांच्या पुढे टिकत नाही, तिथे व्हायटॉन सील मागवा. किटच्या पाकिटावर आल्याची तारीख टाका आणि ते उन्हापासून लांब ठेवा.